चांदीचं मीठ

काचताईंचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, आणि ते तिथंच राहिलं. अकरा वर्षांत प्रयोगशाळेत त्या नावानं त्यांना कुणी हाक मारली नाही. काचेची भांडी धुतात त्या काचताई, संपलं. घरी लेक 'आई' म्हणायची, शेजारणी 'काकू' म्हणायच्या, आणि देवाला काही नाव सांगावं लागत नाही, असं त्यांचं मत होतं.

लांबच लांब व्हरांड्याच्या टोकाला त्यांची खोली. दोन बेसिनं, एक खिडकी, भिंतीवर लाकडी खुंट्यांची फळी आणि तिच्यावर पालथे टांगलेले चंबू, चंचुपात्रं, नळ्या. नळ दोन. एक साधा, दुसरा शुद्ध पाण्याचा. या दुसऱ्याच्या मानेला ओळखीसाठी निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी चांदीच्या कामाचा एक चंबू साध्या नळाखाली खळाळून ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यात चांदीचं पाणी घातलं तर ते ताकासारखं पांढरं झालं. तेव्हाचे साहेब असे काही ओरडले, की अख्ख्या व्हरांड्यात ऐकू गेलं. "चांदीच्या भांड्याला शेवटी निळाच नळ! साध्या नळाचा थेंबसुद्धा नको!"

का नको, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि काचताईंनी विचारलं नाही. त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला. साध्या नळाचं पाणी अस्वच्छ असतं, दुसरं काय.

तेव्हापासून चांदीचं प्रत्येक भांडं निळ्या नळाखाली सात वेळा. एकेका वेळेला एकदा देवाचं नाव. मोजणं चुकू नये म्हणून सुरू केलेलं. पुढं मोजणं मागं पडलं आणि नाव राहिलं. सात झाले की चंबू खिडकीच्या उजेडात धरायचा. काच खरंच स्वच्छ असेल तर पाणी तिच्या अंगावरून सलग पडद्यासारखं उतरतं. कुठं बोटाचा तेलकटपणा राहिला असेल तर तेवढ्यात पडदा फाटतो, थेंब थेंब होतात. याला काचताई 'पाणी फुटलं' म्हणायच्या. पाणी फुटलं की पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू सगळी प्रयोगशाळाच तसं म्हणायला लागली. नवं कुणी आलं की जुनी माणसं बजावायची, "काचताईंच्या हातचा चंबू असेल तर डोळे मिटून घ्या."

लेक रफूचं काम करायची. कोपऱ्यावरच्या कपडे धुलाईच्या दुकानात, काचेच्या दाराशी, भरपूर उजेड येतो तिथं तिचं टेबल होतं. कसर लागलेले कोट, सिगारेटनं भोक पडलेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी लोक घेऊन येत. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे उसवून काढायची आणि भोकावर आडवे-उभे विणायची. नंतर गिऱ्हाईकाला भोक कुठं होतं तेच सापडायचं नाही. "रफू दिसलं तर ते ठिगळ झालं," असं ती म्हणायची, आणि म्हणताना आईसारखीच हनुवटी वर करायची. बाप ती सहा वर्षांची असतानाच गेलेला. दोघी एकमेकींना धरून होत्या.

एकोणिसाव्या वर्षी लेकीचा डावा डोळा लाल झाला. ताप उतरताना ओठावर बारीक फोड येतात, त्याच विषाणूनं डोळ्यात बिऱ्हाड केलं होतं. औषधानं दबायचा, पुन्हा उठायचा. उठला की बुबुळावर व्रण सोडून जायचा. शेवटी डोळ्यात फूल पडलं. डॉक्टरांनी कुणा पुण्यवानानं मरताना दिलेलं बुबुळ आणून बसवलं, तर मागच्या नसेत दडून बसलेला विषाणू त्या नव्या बुबुळावरही आला. डावा डोळा गेला. लेक म्हणाली, "असू दे आई. सुई ओवताना तरी मी एक डोळा मिटायचेच."

सहा वर्षांनी उजवा लाल झाला.

याच सुमारास प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या बाईंनी नवं काम हाती घेतलं होतं. धातूच्या अतिसूक्ष्म कणांनी विषाणू मारता येतो का, ते पाहायचं. कामाला एक संशोधक आला. चष्मा कपाळावर ढकलून सगळीकडे चष्मा शोधत फिरायचा, म्हणून त्याचं नाव पडलं चष्मेवाला. बडबड्या, पण मनानं निर्मळ. एक दिवस त्यानं काचताईंना व्हरांड्यातच अडवलं.

"काचताई, या, जादू दाखवतो."

"जादू राहू दे सर, भांडी द्या. साडेपाच झाले."

"दोनच मिनिटं." तो त्यांना आपल्या टेबलापाशी घेऊन गेला. "हे बघा, हे चांदीचं मीठ."

"चांदीचं मीठ?"

"आम्ही क्षार म्हणतो. तुमच्या भाषेत मीठच की. इंग्रजी नाव घेतलं की तुम्हीच म्हणता, सर, मराठीत बोला."

त्यानं ते मीठ निळ्या नळाच्या पाण्यात विरघळवलं. पाणी पाण्यासारखंच दिसत राहिलं. उकळी आल्यावर त्यानं वरून लिंबातल्या आंबटाचा क्षार सोडला. काचताई बघत राहिल्या. पाण्यात आधी कुठंतरी पिवळी झाक आली, मग ती पसरली, आणि बघता बघता अख्खा चंबू मधासारखा सोनेरी झाला.

"चांदी टाकली आणि सोनं निघालं," काचताई म्हणाल्या.

"चांदीच आहे, फक्त बारीक झाली. एका केसाच्या जाडीत हे कण ओळीनं बसवले तर पाच-सहा हजार मावतील. ते विषाणूच्या अंगाला चिकटतात. मग त्याला पेशीचं दार उघडता येत नाही."

"कुठला विषाणू?"

चष्मेवाल्यानं नाव सांगितलं. ते नाव लेकीच्या केसपेपरवर सहा वर्षं वाचलेलं होतं.

"हा तर आमच्या घरातला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून काचताईंचा एक कान कायम त्या टेबलाकडे. तीन आठवड्यांनी चष्मेवाल्यानं मोठ्या बाईंना दाखवायला दोन तबकड्या काढल्या, तेव्हा त्या कोपऱ्यात भांडी गोळा करण्याच्या निमित्तानं उभ्याच होत्या. तबकडीत पेशींचा पातळ थर, जांभळ्या रंगानं रंगवलेला. पहिल्या तबकडीत नुसता विषाणू सोडलेला होता. थराला भोकंच भोकं पडलेली, कसर लागलेल्या कापडासारखी. दुसऱ्या तबकडीत सोडलेला विषाणू आधी तासभर चांदीच्या पाण्यात ठेवलेला होता. तिचं जांभळं कापड अखंड. एक भोक नाही.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक हसली. "म्हणजे तुझ्या चांदीनं रफू केलं म्हण की! माझ्या पोटावर पाय आणणार बहुतेक ती." मग ताटात बघत, "कसं दिसतं गं ते पाणी?"

"मधासारखं. उजेडात धरलं की अगदी मध."

दुसऱ्या दिवशी काचताईंनी धीर करून मोठ्या बाईंना विचारलं, "बाई, याचं औषध व्हायला किती दिवस लागतील?"

मोठ्या बाई कठोर नव्हत्या, पण खोटंही बोलायच्या नाहीत. "दिवस नाही हो, वर्षं. दहा, बारा. तेही सगळं जमून आलं तर. हे काचेतलं झालं. माणसाचं शरीर म्हणजे काच नव्हे."

दहा-बारा वर्षं. डॉक्टरांनी तर सांगून ठेवलं होतं, "या वेळचा व्रण कडेला आहे. पुढचा मधोमध आला तर उजव्याचंही अवघड आहे. विषाणू औषधाला निर्ढावलाय." काचताईंनी हिशेब केला नाही. काही हिशेब आपण करायचे नसतात, ते वर होतात, असं त्या मानायच्या. पण त्या आठवड्यात निळ्या नळाखाली देवाचं नाव घेताना त्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू जायला लागला.

पुढच्या गुरुवारी लेक दुकानातून दुपारीच परत आली. डोळा लाल, पापणी सुजलेली, आणि उजेड सोसवत नव्हता. संध्याकाळी डॉक्टरांनी तपासलं, थेंब लिहून दिले, हेच थेंब आधीही दिले होते. दाराशी सोडायला आलेल्या नर्सबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "डोळा धुवायला साधं पाणी वापरू नका हं, झोंबतं. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ घालायचं. डोळ्याला मिठाचंच पाणी मानवतं."

उरलेलं चांदीचं पाणी काचताईंनाच मिळायचं. टाकायला. ते मोरीत ओतायचं नाही, टाकाऊ चांदीच्या कॅनमध्ये जमा करायचं, असा नियम. शनिवारी चष्मेवाला चंबू ठेवून गेला, तळाशी दोन बोटं मध उरलेला. काचताईंनी एक छोटी बाटली निळ्या नळाखाली सात वेळा धुतली. उजेडात धरली. पाणी फुटलं नाही. मग चंबूतला मध तीत ओतला, बूच घट्ट लावलं आणि बाटली रुमालात गुंडाळून पिशवीत तळाला ठेवली. अकरा वर्षांत त्यांनी तिथला कापसाचा बोळाही घरी नेला नव्हता. फाटकाशी रखवालदार नेहमीसारखा म्हणाला, "काय काचताई, आज लवकर?" त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी लेकीला खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. खांद्यावर टॉवेल, मान मागं टेकवलेली.

"आई, हे डॉक्टरांना विचारलंस?"

"तू गप्प बस."

"आणि तुझ्या मोठ्या बाईंना?"

"म्हटलं ना, गप्प बस."

"बरं बाई. आंधळ्या माणसाला बोलायचीही चोरी."

"आंधळी कोण गं? पुन्हा तोंडातून काढलंस तर बघ."

त्यांनी पाणी उकळून गार केलं होतं. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे त्यात मीठ घातलं. मनात किंतु आला नाही असं नाही. पण चष्मेवाल्याचे शब्द त्यांना आठवत होते. चांदीचं मीठ. म्हणजे त्यात मीठ आहेच. मिठात मीठ गेलं तर काय बिघडणार? आणि मीठ म्हणजे काही घाण नव्हे. मिठासारखं स्वच्छ दुसरं काय असतं? लेकीच्या डोळ्याला झोंबायला नको, एवढंच त्यांच्या मनात. देवाचं नाव घेऊन त्यांनी मिठाचं पाणी चमच्यानं बाटलीत सोडलं.

मध आधी नारिंगी झाला. मग कुणी राख कालवावी तसा मळकट. त्यांनी बाटली खिडकीकडे धरली. त्यांच्या डोळ्यांदेखत सोनं करडं झालं, आणि थोड्याच वेळात काळपट कण घरंगळत तळाला जाऊन बसले. वर राहिलं ते नुसतं पाणी.

"टाक ना आई. मान अवघडली."

काचताई उभ्याच.

"आई? काय झालं?"

"सांडलं," त्या म्हणाल्या.

"सगळं?"

"सगळं."

लेकीनं मान सरळ केली. डोळे मिटलेलेच. "धांदरट कुठली," ती मायेनं म्हणाली. "असू दे. उद्या आण की थोडं."

सोमवारी काचताई मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या आणि रुमाल सोडून बाटली टेबलावर ठेवली. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. मग म्हणाल्या, "माझी नोकरी घ्या बाई, पण आधी मला एक सांगा. मीठ न घालता टाकलं असतं तर?"

मोठ्या बाईंनी बाटली उचलली, तिरकी केली. तळाची राख हलली.

"साध्या पाण्यात हे कण एकमेकांशी फटकून असतात," त्या म्हणाल्या, "पटत नसलेल्या जावांसारखे. अंतर राखून राहतात, म्हणून तर सोनेरी दिसतात. मीठ पडलं की अंतर सुटतं, गळ्यात गळे पडतात, गोळा होऊन तळाला बसतात. मग त्यांच्यात औषध राहत नाही."

"पण सर म्हणाले, चांदीचं मीठ..."

"ते नुसतं नावाचं मीठ हो, काचताई."

दारात चष्मेवाला कधी येऊन उभा राहिला होता कुणास ठाऊक. कपाळावरचा चष्मा त्यानं हातात घेतला. "मीच मीठ म्हणालो," तो म्हणाला. "क्षार म्हणालो असतो तर..."

"तरी फरक पडला नसता," मोठ्या बाई म्हणाल्या. मग काचताईंकडे वळून, अगदी हळू, "ताई, डोळ्यातल्या पाण्यात मीठ असतंच. तुम्ही घातलं नसतंत तर डोळ्यानं घातलं असतं. आम्ही पहिल्यापासून त्याच भिंतीवर डोकं आपटतोय. काचेत जमतं, अश्रूत जमत नाही. आणि तो विषाणू आधीच आत शिरलेला; वरून चांदी ओतून तो सापडतो की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. उलट डोळा भाजला असता."

काचताई विचार करत होत्या. "म्हणजे साध्या नळाच्या पाण्यातही..."

"थोडं मीठ असतं. म्हणून तर निळा नळ."

"मला वाटायचं, ते अस्वच्छ असतं म्हणून."

"अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"नाही. मीही विचारलं नाही."

मोठ्या बाईंनी मान खाली घातली. नोकरी गेली नाही. कुणी लागेल असं बोललंही नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून चांदीचे चंबू बेसिनपाशी यायचे ते आधीच रिकामे केलेले. थेंबही नाही. चष्मेवाला ते ठेवताना त्यांच्याकडे बघायचा नाही. काचताई चंबू उचलून बेसिनमध्ये घ्यायच्या. बरोबरच होतं ते. पण पहिल्या रिकाम्या चंबूला निळा नळ सोडताना त्यांच्या तोंडून देवाचं नाव फुटेना. सातही वेळा मुक्यानंच झाल्या.

त्याच संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगून टाकलं. "सांडलं नव्हतं गं. मी मीठ घातलं. त्यानं बिघडलं."

लेकीनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. मग म्हणाली, "आयुष्यभर भाजीत मीठ विसरलीस. आणि इथं बरं आठवलं!" ती हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते दोघींनाही कळलं नाही. काचताईंनी पदर पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. "राहू दे. त्यातही मीठच आहे ना?"

महिन्याभरात नवा व्रण आला. मधोमध. दुकानातलं टेबल लेकीनं स्वतःच आवरलं. शेवटची शाल घ्यायला आलेल्या गिऱ्हाईक बाईंना रफू सापडलं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि शालीची घडी केली. लेकीला ते बोट दिसलं नाही. बाजूला उभ्या काचताईंना दिसलं.

एक दिवस लेक म्हणाली, "आई, अजून थोडा उजेड कळतो तोवर मला ते पाणी एकदा बघायचंय."

मोठ्या बाईंनी लगेच हो म्हटलं. चष्मेवाल्यानं सकाळीच नवं पाणी केलं. व्हरांड्यात काचताईंना गाठून तो हळूच म्हणाला, "आज जरा फिकट आलंय, ताई. कोवळ्या लिंबासारखं. मधाचा रंग नाही आला. पुन्हा करू का?" काचताई म्हणाल्या, "राहू द्या सर."

लेकीला हात धरून बेसिनच्या खोलीत आणलं. चष्मेवाल्यानं चंबू खिडकीत, उन्हात धरला. आत फिकट, हिरवट-पिवळं पाणी. लेकीनं हनुवटी वर केली, मान थोडी इकडे, थोडी तिकडे केली, डोळा बारीक केला.

"दिसलं," ती म्हणाली. चेहरा हसरा. "अगं, खरंच. अगदी मधासारखं आहे."

चष्मेवाल्यानं काचताईंकडे बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली. मग त्यानं पाणी स्वतःच कॅनमध्ये ओतलं, रिकामा चंबू बेसिनमध्ये ठेवला आणि निघून गेला.

"हेच तुझं राज्य होय?" लेक स्टुलावर बसत म्हणाली. "धू की मग. मला ऐकू दे."

काचताईंनी निळा नळ सोडला. पाणी काचेवर पडलं, फिरलं, खाली गेलं. एक. त्यांच्या ओठांवर नाव आलं, बऱ्याच दिवसांनी. दोन. तीन. चौथ्याला हात थांबला. चंबू तसाच हातात, नळ तसाच वाहता.

"चार झाले, आई," लेक मागून म्हणाली. "अजून तीन राहिलेत."

त्यांनी तीन पुरे केले आणि चंबू उजेडात धरला. पाणी त्याच्या अंगावरून उतरत होतं. फुटत होतं की सलग होतं, हे आज त्यांनाच नीट दिसत नव्हतं.

"फुटलं का गं?" लेकीनं विचारलं.

"कळत नाही," काचताई म्हणाल्या, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.